हिरा मानवतो का?

चकती पुन्हा आचलच्या डोक्यावर नव्हती.

मयुरीनं कपाळावर हात मारला. सकाळपासून ही तिसरी वेळ. स्वयंपाकघरातून हाका मारून घसा कोरडा करायचा, पोरगी ढिम्म हलायची नाही. मग तव्यावरची पोळी टाकून ओसरीवर धावायचं, तर केसांतली जागा रिकामी. शेजारी सासूबाई, सुमित्राबाई, सुपात तुरीची डाळ पाखडत बसलेल्या. जसं काही घडलंच नाही.

आणि चकती कुठे? त्यांच्या कुंकवाच्या करंड्यात. नाकातल्या जुन्या चमकीशेजारी, फडक्यात गुंडाळून.

"मामीजी, किती वेळा सांगू?" मयुरी सासूबाईंना म्हणाली. "हिरा यात नाई! तो आत आहे, ऑपरेशन करून बसवलेला. ही नुसती मशीन. ही डोक्यावर नसली तर पोरीले काहीच ऐकू जात नाई."

"मी नाई काढली वं बाई. खाली पडली होती, उचलून ठेवली. हिऱ्याची वस्तू का अशी लोळू द्यायची असते?"

पडली म्हणे. चुंबकाची चकती ती. आचल अंगणभर पळाली तरी हलत नसे. मयुरीनं दात आवळले आणि चकती पुन्हा पोरीच्या कानामागे चिकटवली.

तीन वर्षांच्या आचलला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या वळणात, एक बारीक तार सरकवली होती. तारेच्या टोकांवर हिऱ्याचा लेप. नवीन प्रकार, अजून चाचणीतला. साध्या तारेभोवती शरीर हळूहळू साय धरतं आणि आवाज अंधुक होत जातो. हिरा शरीराला परका वाटणार नाही अशी आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. बी.एस्सी. झालेल्या मयुरीनं सगळे कागद तीनदा वाचले, मगच सही केली. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "पोरीले हिरा मानवते का, ते पाह्यलं का डॉक्टरसाहेब? आमच्यात अंगावर घालायच्या आधी तीन रात्री उशाखाली ठेवून पाहतेत." मयुरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "तेच तर पाहायचं आहे, आजी," म्हणाले.

तेव्हापासून अख्ख्या नाचणगावात एकच चर्चा. दुकानात किराणा घ्यायला आलेल्या बायका मयुरीच्या नवऱ्याला, नीलेशला, आधी पोरीच्या डोक्यातल्या हिऱ्याचं विचारत, मग साखरेचं.

मशीन सुरू होऊन दीड महिना झाला होता. रुग्णालयानं एक वही दिली होती. रकाने चार: तारीख, आवाज कोणता, मूल पाठमोरं होतं का, प्रतिसाद. पाठमोरं असणं महत्त्वाचं. आचल चेहरे वाचण्यात पटाईत, समोरून हाक मारली तर ओठ पाहूनच हसायची. म्हणून मयुरी मागे उभी राहून ताटली वाजवी. कुकरची शिट्टी, दाराची कडी, नीलेशच्या गाडीचा हॉर्न. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "नाही". आठ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी मशीनचा आवाज वाढवून दिला. तरी नाही. उलट आठ दिवसांपासून हा चकतीचा नवा ताप सुरू झाला होता.

गुरुवारी पुन्हा नागपूर. वही अशीच राहिली, तर कान परत उघडून पाहावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या इवल्या डोक्यावर परत वस्तरा, परत टाके. मयुरीला झोप नव्हती. खरंच मानवला नसेल का हिरा?

"आहे का वं घरात कोणी?" फाटकातून शेजारच्या धुरपताबाई आल्या. "म्हटलं, पाहून यावं. कोणत्या बाजूनं हाय हिरा? अंधारात चमकते का?"

आचल ओसरीच्या खालच्या पायरीवर अंगणाकडे तोंड करून बसली होती, बाटलीच्या झाकणात डाळीचे दाणे भरत. धुरपताबाई वाकल्या तशा सासूबाईंनी पदर पुढे करून नातीचं डोकं झाकलं. हात केसांकडे गेला.

दारात उभ्या मयुरीनं तो हात पाहिला, आणि आठ दिवसांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"मामीजी! हात काढा तिथून! कोणाची नजर लागते म्हणून काढता ना तुम्ही? गुरुवारी तिचा कान परत फाडतील, तेव्हा समजन का तुमाले?"

सासूबाईंचा हात हवेतच थांबला. पदर घसरला. धुरपताबाई तोंड उघडं टाकून उभ्या.

आचलचं झाकण हातातच राहिलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. दुसरा हात शांतपणे वर नेला, कानामागची चकती उपटली, शेजारचा आजीचा करंडा ओढला, चकती आत ठेवली आणि करंड्याचं झाकण घट्ट लावलं. मग पुन्हा दाणे भरू लागली.



"मानवला वं," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या.

मयुरी आत गेली आणि वही घेऊन तिथेच उंबऱ्यावर बसली. तारीख घातली. पाठमोरं होतं का: हो. प्रतिसाद: हो. मग मोकळ्या राहिलेल्या रकान्यापाशी पेन अडलं. आवाज कोणता?

खाली मान घालून तिनं लिहिलं: आईचं ओरडणं.