तरोट्याचं बी

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात चपराशानं प्रयागबाईच्या पाटीपुढं हुकूम वाचला: परवान्याशिवाय गजकर्णाचा मलम विकायला बंदी. प्रयागबाईला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. कालच मुंबईच्या मलम कंपनीचा एजंट तहसीलदारांकडं जेवला होता आणि त्या पंगतीची वांगी तिच्याच मळ्यातली होती. “माहेच वांगे खाऊन माह्याच पोटावर पाय देऊन राह्यले काय रे?” “मले कायले इचारतं, मावशी?” चपराशी मानेवरचं गजकर्ण खाजवत म्हणाला. तिनं मलमाच्या डब्या गुंडाळल्या, पाटीत तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याच्या रानभाजीचं, बी ओतलं आणि सासूनं मरताना कानात सांगितलेली मलमाची कृती भर बाजारात सांगून टाकली. “ताकात भिजवा, बारीक वाटा, सात दिवस लावा. आता घरोघरच्या वरवंट्याले मागा म्हना परवाना.” बायांची झुंबड उडाली. “भाजीचं बी तं इकता येते ना?” तिनं चपराशाला विचारलं. त्यानं हळूच ओंजळ पुढं केली.