दुप्पट उजेड

निवृत्त घड्याळजींना आठवडाभर चैन पडत नव्हतं. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधली प्रवाळं पांढरी पडतायत, असं लेक सांगे. "दिवा मंद झालाय," म्हणत ते रोज उजेड वाढवत आणि टँकपुढे येरझाऱ्या घालत. शेवटी लेकीने उजेड मोजायचं यंत्र मागून आणलं. बाही सरसावून तिने त्याची दांडी पाण्यात धरली, आकडा दोनदा वाचला. "बाबा, उजेड हवा त्याच्या दुप्पट आहे. बिचारी भाजून निघतायत!" "यंत्र बिघडलं असेल." "दुकानात तपासूनच आणलंय." त्यांनी चष्मा काढून पुसला. चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू बसवणाऱ्या डोळ्यांविषयी त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. लेक उजेड हळूहळू कमी करत गेली. आकडा जागेवर आल्यावर तिने विचारलं, "आता मासे दिसतायत?" "हो" ओठांवर आलंच होतं. "नाही गं," ते म्हणाले, "वर्षभर अंदाजानेच चालतोय."