कासरा

फोन लावला की शेतातली मोटार सुरू करणारे स्टार्टर आमची कंपनी विकते. कंपनीनं न विचारता नवं अपडेट पाठवलं आणि साखरा गावच्या रुक्माबाईंच्या बटनाच्या फोनवरून मोटार सुरू होईना. उभी हळद सुकू लागली. मी दुरुस्तीला गेलो तेव्हा त्या बैलाचा कासरा धरून उभ्या होत्या. "मावशी, टचचा फोन घ्यावा लागेल." "स्टार्टर कोनाचा?" "तुमचाच." "आमी ह्याचा जोडीदार बाजारात इकला. कासरा घेणाऱ्याच्या हाती देला. आता त्यानं नांगराला जुपावं का गाडीला, आमी सांगाया जात न्हाई. तुमी स्टार्टर इकला अन् कासरा काहून ठेवला?" मी स्टार्टरला लॅपटॉप जोडून जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं. रुक्माबाईंनी फोन लावला आणि पाटात पाणी आलं. कंपनीत ते स्क्रीनवर दिसलं असावं; तेवढ्यात साहेबांचा फोन आला, "जुनं कोणाला विचारून टाकलंस?" "मालकिणीला," मी म्हणालो.