अंगावर आला

विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरून पळणारा माणूस भर दुपारी सिद्रामप्पांच्या गोळीनं सोयाबीनमध्ये पडला, तो उठलाच नाही. रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक आता ठाण्याच्या टेबलावर होती.

फौजदारानं जबाबाचा कागद पुढं ओढला. "अप्पा, तो अंगावर आला म्हणून गोळी झाडली, एवढंच म्हणा. वाचताल."

सिद्रामप्पांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. "हे गळ्यात असताना खोटं कसं बोलू? पळत व्हता त्यो. दोन्ही हातात केबलचं वेटोळं व्हतं."

"जन्मठेप होईल, अप्पा!"

"होऊ द्या."

फौजदार चिडला. "एवढे सत्याचे, तर हवेत का न्हाई झाडली? पळणाऱ्याला मारायची काय गरज व्हती?"

सिद्रामप्पांनी इष्टलिंगावरचा हात खाली घेतला.

"बांधापाशी त्यानं एकदा वळून बघितलं, साहेब. तोंड दिसलं, तवा माझं बोट हललंच न्हाई. मग त्यानं पाठ फिरवली, अन् सोपं झालं."