विसर्जनापुरतं पाणी

टँकरची नळी खड्ड्यात सोडली आणि पाणी भसाभसा पडू लागलं. नदीच्या कोरड्या पात्रात अमृतरावांनी सकाळीच हा खड्डा खणून घेतला होता. तळाला ताडपत्री अंथरली होती, नाहीतर वाळूनं ते पाणी तिथल्या तिथं गिळलं असतं. साहेबांच्या अस्थी त्यांच्या गावच्या नदीत सोडायच्या, असा दिल्लीहून निरोप होता. नदी आटली आहे हे दिल्लीला कोण सांगणार? मग अहमदपूरहून टँकर आला. गावानं हेलपाटे घालून चपला झिजवल्या तेव्हा न हललेला टँकर राखेसाठी तासाभरात हजर झाला.

पारूबाई खुर्चीवर बसली होती. मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश. साहेब म्हणजे तिचा धाकटा भाऊ, शेषेराव. त्याची बायकोमुलं दिल्लीत. गावात रक्ताचं माणूस म्हणून हीच उरली होती, आणि फोटोला रक्ताचं माणूस लागतं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवे कलेक्टर, नव्या जीपा, नवे शिपाई, सगळा लवाजमा वाळूत उतरला होता. नव्या जिल्ह्यातला हा पहिलाच मोठा कार्यक्रम म्हणे. नशीब बघा, पहिलाच कार्यक्रम आणि तोही राखेचा.

तालुक्याचे पुढारी अमृतराव माइकवर साहेबांचं चरित्र सांगत होते. निजामाचा तुरुंग, मग आमदारकी, मग दिल्ली, मग एकामागून एक मंत्रिपदं. साहेबांनी परदेशात जाऊन दुष्काळावर भाषण केलं, तेव्हा गोऱ्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पारूबाईला मात्र शेषूच आठवत होता. दर निवडणुकीला यायचा, "आक्का, या बारीला नदीवर बंधारा झालाच म्हनून समज," म्हणायचा, चहा प्यायचा आणि जायचा. गाव त्याला एकगठ्ठा मतं द्यायचं. बंधाऱ्याचा एक दगडही पडला नाही. तिला भावाचा राग होता, आणि मेलेल्या माणसावर धड रागावताही येत नाही याचा त्याहून राग होता.

दोरीपलीकडे गावातल्या बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या कमरेवर घागर, तोंडाला धुळीपायी फडकं बांधलेलं. मागल्या आठवड्यात शेजारच्या गावात टँकरवर झोंबाझोंबी होऊन एकीचं डोकं फुटलं होतं, म्हणून ही दोरी आणि हे पोलीस. पारूबाईची शेजारीण सिद्धम्मा सगळ्यांच्या पुढं होती. तिची सून बाळंत झालेली, आणि बाळाला अजून धड अंघोळ मिळाली नव्हती. पारूबाईला खड्ड्यातल्या पाण्याकडे बघवेना. एकदा का त्यात राख पडली की त्या पाण्याला कुणी हात लावणार नव्हतं.

"आक्का, सोडा आता," अमृतराव वाकून म्हणाले. फोटोवाले सरसावले.

पारूबाईनं कलशाची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"न्हाई सोडत. आधी बाया घागरी भरतील. मग माझा भाऊ जाईल."

"आक्का, असं काय करता! कलेक्टरसाहेब बसलेत. बायांसाठी नंतर दुसरा टँकर लावून देतो की."

"तुझं नंतर लई बघितलंय मी. त्याचंबी बघितलंय. जित्तेपनी दिलं न्हाई, मेल्यावर तरी देऊ दे त्याला."

अमृतरावांचा चेहरा पडला. कलेक्टर तरुण होते. त्यांनी पोलिसाला खूण केली आणि दोरी खाली आली. कितीतरी वर्षांनी पारूबाईला भावाबद्दल बरं वाटलं. चला, एवढं एक पुण्य तरी त्याच्या नावावर लागलं.

सिद्धम्मा पहिली आत आली. खड्ड्याशी वाकली, घागरीच्या तोंडचं फडकं सोडलं आणि घागर खड्ड्यात उपडी केली. तिच्या घागरीतलं गढूळ पाणी टँकरच्या पाण्यात मिसळलं.

"अगं, काय करायलीस?" पारूबाई ओरडली.

"आमी न्यायला न्हाई आलोत, आक्का. साहेबाला शेवटचं पानी द्यायला आलोत." सिद्धम्मानं डोळ्यांना पदर लावला. "टँकर येतो का न्हाई कुनाला ठावं? म्हनून हिरीच्या तळाला बसून वाटीवाटीनं भरलंय समद्यांनी. आपल्या मानसाला कोरड्यात कसं सोडावं?"

तिच्यामागून दुसरी आली, मग रांगच लागली. घागरी भराभर रिकाम्या होऊ लागल्या. बाया रडत होत्या, अगदी खरंखुरं रडत होत्या. अमृतरावसुद्धा चष्मा काढून डोळे पुसू लागले.

पारूबाई मांडीवरच्या कलशाकडे बघत राहिली. मग तिनं गाठ सोडायला घेतली.

"आलास रे शेषू," ती म्हणाली, "पुन्हा निवडून आलास."