वहिनीच्या मनगटाचं माप

“वहिनी, माप चुकलं की तुमचं,” कुंदन म्हणाला.

त्यानं बनवून आणलेली पट्टी राखीच्या मनगटावरून घसरून थेट कोपराशी जाऊन अडकली होती. राखीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण दिराच्या ओठांवरून ती त्याचं सगळं बोलणं ओळखायची. ती हसली. असू दे, असं हातानंच म्हणाली.

कुंदनला गंमत वाटली. अख्ख्या मखमलाबादच्या बायका जिच्याकडे डोळे मिटून ब्लाउज शिवायला टाकत, तिला मनगटाचं साधं माप घेता येऊ नये? त्यानं मुंबईहून कळवल्यावर तिनंच दोऱ्याला गाठ मारून माप पाठवलं होतं. त्या गाठीबरहुकूम त्यानं पट्टा कापला होता.

“द्या इकडं. आणखी दोन भोकं पाडतो.”

राखीनं हात चटकन मागे घेतला.

कुंदन मुंबईला बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. म्हणजे नक्की काय, हे घरात कुणालाच उमगलं नव्हतं. आई विठाबाई तर ‘आमचा धाकटा डॉक्टर होतोय’ असं गावभर सांगून मोकळी झाली होती, आणि तो सुट्टीत आला की आपले गुडघे त्याच्यापुढे करायची. पण प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा त्याला या घराशिवाय दुसरं काही सुचलंच नाही.

कारण ज्ञानू, राखीचं बाळ. चार महिन्यांचा असताना एका रात्री तो रडून रडून निळा पडला होता. पलीकडच्या खोलीतून विठाबाई धावत आली, तर राखी आणि तिचा नवरा अश्विन, कुंदनचा थोरला भाऊ, दोघंही गाढ झोपलेले.

“बापाला दोष नाय देत मी,” विठाबाई म्हणाली होती. “तो अंबडच्या कारखान्यात दिवसभर त्या धडधडत्या प्रेस मशीनवर राबून येतो. पण आईला तरी जाग यायला पाहिजे ना? माझ्या नातवाला काय झालं असतं म्हंजे?”

तेव्हापासून दिवेलागण झाली की ती ज्ञानूला उचलून आपल्या खोलीत नेई. राखी दारात उभी राहून पोराकडं बघत राही. तिनं कधी तक्रार केली नाही, म्हणूनच कुंदनला ते जास्त लागायचं.

त्यानं झोळीवर टांगायची एक डबी बनवली. पोर रडलं की डबीतून संदेश जायचा आणि मनगटावरची पट्टी थरथरायची. थरथरणारी बारकी मोटर जुन्या पेजरमधली. पेजर आता कुणी विचारत नव्हतं. “यंत्र नंतर, आधी माणूस नीट बघा,” असं त्याचे सर नेहमी सांगायचे. कुंदनला वाटायचं, आपण बघितलाय.

राखीचा हट्ट एकच होता. पट्टी दसऱ्याच्या आत हवी.

“प्रोजेक्ट मार्चमध्ये द्यायचाय, वहिनी. आणि दसऱ्याला दादाला सुट्टी, तो घरीच असतो. मग एवढी घाई कशाला?”

राखी मागे हटली नव्हती. अश्विन शेजारीच उभा होता. त्यानं तिच्या हातांकडं पाहिलं आणि शेजाऱ्यांनी डोकावून बघावं एवढ्या मोठ्यानं म्हणाला, “पाहिजे तिला तर दे ना करून!” मशीनवर ओरडून बोलायची त्याची सवय घरीही सुटत नसे.

म्हणून कुंदन रात्री जागला आणि पट्टी वेळेत घेऊन आला.

परीक्षा अर्थातच विठाबाईनं घेतली. राखीला भिंतीकडं तोंड करून झोपायला लावलं आणि स्वतः झोळीपाशी बसली. ज्ञानू जागा झाला, कुरकुरला, मग त्यानं भोकाड पसरलं. कोपरावरची पट्टी हातानं दाबून धरत राखी ताडकन उठली. विठाबाईचा विश्वास बसेना. दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळी पुन्हा तेच.

शेवटी तिनं ज्ञानूला राखीच्या मांडीवर ठेवलं. “घे बाई. लय रडवलं मी तुला.” राखीनं पोराला असं कवटाळलं की कुंदन बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.

“आता दसऱ्याला निवांत झेंडू विकू,” विठाबाई आतून म्हणाली. “पोराला अश्विन बघंल.”

दसऱ्याच्या सकाळी कुंदन पुन्हा मुंबईहून घरी आला. आई, वडील आणि वहिनी पहाटेच फुलं घेऊन नाशिकच्या बाजारात गेले होते. ज्ञानू आतल्या खोलीत झोळीत झोपला होता. अश्विन मागच्या ओट्यावर, दाराकडं पाठ करून, तोरणं ओवत बसला होता.

“दादा!”

अश्विन ओवत राहिला.

“दादा, चहा ठेवू का?”

अश्विननं पुढचं फूल उचललं. सकाळीच वहिनीशी वाजलं असणार, असं म्हणत कुंदन अगदी त्याच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. “अरे दादा, मी आलोय!”

सुई झेंडूत शिरत होती, दोरा सरकत होता.

तेवढ्यात आत ज्ञानू रडू लागला. अश्विनचा हात दचकला. तोरण टाकून तो उठला, वळला, आणि हातभर अंतरावरच्या भावाला पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग अश्विन त्याच्या बाजूनं आत धावला आणि त्यानं पोराला झोळीतून उचललं, तशी शर्टाची बाही वर सरकली. पट्टी अजून थरथरत होती, आणि पट्टा त्याच्या मनगटाला अगदी मापात बसला होता.