भिंगरीला हाक

"पट्टा ताणला की तुम्ही थांबायचं, टेलरताई. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. नुसतं खांबासारखं उभं राहायचं."

टेलरताई थांबली. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला भिंगरी मागच्या दोन पायांवर उभी राहून मैदानातल्या कबुतरांच्या नावाने शंख करत होती. चौदा महिन्यांची कुत्री, अंगात नुसतं वारं भरलेलं. शेवटी तिने मागे वळून पाहिलं, पट्टा सैल पडला आणि दोघी चार पावलं चालल्या. मग पुन्हा खांब.

"आता हाक," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या आणि उकडलेल्या चिकनचे तुकडे त्यांनी टेलरताईच्या हातावर ठेवले. "आली की लगेच तुकडा आणि लाड. प्रत्येक वेळी. आणि एक गोष्ट मी सगळ्यांनाच सांगते. हाक मारून बोलवायचं आणि मग रागवायचं, घाबरवायचं, असं कधी करू नका. दहा-बारा वेळा तसं झालं की तो आवाज जळला म्हणून समजा. मग त्या आवाजाला कुत्रं येत नाही."

टेलरताईने मान डोलावली. घरी पोचेपर्यंत तेवढंच वाक्य तिच्या डोक्यात घोळत होतं.

नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. अकरा वर्षं संसार करून एके सकाळी तो पान्यांची पिशवी खांद्याला लावून दोन गल्ल्या पलीकडच्या खोलीत राहायला गेला. पलंग मागितला नाही, भांडंकुंडं मागितलं नाही. चार नातेवाइकांसमोर म्हणाला, "मला भिंगरी द्या. त्या घरात मला बघून आनंद व्हायचा तो तिला एकटीलाच."

सासूबाईंनीसुद्धा मान खाली घातली. टेलरताईच्या अंगाची त्या दिवशी जी आग झाली, ती काही विझली नाही. भिंगरीला डोळेसुद्धा उघडता येत नव्हते तेव्हापासून बाटलीने दूध पाजलं ते हिने. भिंगरी गेली असती तर घरात बोलायला एक शिलाई मशीन उरलं असतं.

तोडगा बाईंनीच काढला होता. दोन महिने भिंगरीने एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे राहायचं. दोघांनीही बाईंकडेच शिकायचं. शेवटी मैदानात दोघांनी आळीपाळीने हाक मारायची. ज्याच्या हाकेला धावत येईल, भिंगरी त्याची. दोघांकडेही गेली तर आणखी दोन महिने.

"आणि कुणाकडेच नाही गेली तर?" नवऱ्याने विचारलं होतं.

"तर माझ्याकडे राहील," बाई म्हणाल्या. तिघंही हसली आणि कागदावर सह्या झाल्या.

भिंगरी आपल्याला विसरेल या धास्तीने नवरा रोज फोनवर आवाज पाठवायचा. "भिंगरी, ये! ये गं राणी!" आणि खाली लिहायचा, 'ऐकव हं तिला.'

'ऐकवते ना,' टेलरताई उत्तर द्यायची.

ऐकवायचीही. फोन ओट्यावर ठेवायची, आवाज मोठा करायची. भिंगरी शेपटीचा पंखा करत धावत आली की बटणांचा पत्र्याचा डबा तिच्या पुढ्यात दाणकन फरशीवर आपटायची.

पहिल्या दिवशी भिंगरीने जागेवरच मुतलं आणि मशीनखाली जाऊन बसली. टेलरताईला रडूच फुटलं. तिने स्वतः हाक मारली, चिकन भरवलं, पोटाशी धरलं. "तुला नाही गं बाळा," ती म्हणाली, "त्याला. हे सगळं त्याला."

दुसऱ्या दिवशी मात्र डबा आपटून ती सरळ काजं-बटणं करायला बसली. तिसऱ्या आठवड्यात फोनमधून नुसतं 'भिं' आलं तरी कुत्री डब्याकडे बघत मशीनखाली सरपटायची. बस बोंबलत, टेलरताई मनात म्हणायची. घाल चार माणसांसमोर साद आणि बघ कोण येतंय!

नवऱ्याने एकदा लिहिलं, 'तूही तुझा आवाज पाठवत जा. इकडे असते तेव्हा तुला शोधते बिचारी.'

तिला हसू आलं. कसला भाबडा माणूस! तिने रोज एक गोड हाक पाठवली. तेवढी दया करायला आपलं काय जातंय?

तिकडून आली की भिंगरी दोन दिवस दाराशीच घुटमळायची, हाकेला बिचकत यायची.

"तिकडे लाडावून ठेवतो मेला," टेलरताईने बाईंकडे तक्रार केली.

बाईंनी भिंगरीच्या कानामागे खाजवलं. "वय आहे तिचं," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या रविवारी सकाळी भिंगरीला घेऊन बाई मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या. टेलरताई एका टोकाला, नवरा दुसऱ्या. टेलरताईने बटणांचा डबा पर्समध्ये टाकून आणला होता. वेळ पडली तर नुसता खुळखुळला तरी पुरे होता. नवऱ्याच्या खांद्याला पान्यांची पिशवी होती.

"रविवारीसुद्धा काम?" येताना तिने विचारलं होतं.

"सवय," तो म्हणाला. "पर्स जड दिसतेय तुझी."

"सवय," तीही म्हणाली.

नाणं उडवलं. पहिली हाक नवऱ्याची.

"भिंगरी, ये! ये गं राणी!"

भिंगरीचे कान ताठ झाले. मग शेपटी पोटाखाली गेली आणि ती होती तिथेच बसली. नवऱ्याने पुन्हा हाक मारली. ती इंचभर हलली नाही. त्याचा चेहरा खाडकन उतरला. टेलरताईच्या जिवाला केवढा थंडावा वाटला! आता कळेल, ती मनात म्हणाली, कोणाला बघून आनंद होतो ते.

"आता तू," नवरा तिकडून ओरडला. एवढं होऊनही तो किंचित हसत होता.

टेलरताई गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात पसरून, होती नव्हती ती सगळी माया आवाजात ओतून तिने हाक मारली, "भिंगरी, ये गं बाळा!"

भिंगरी थरथर कापायला लागली. पोटावर सरपटत ती बाईंच्या पायांमागे जाऊन लपली आणि तिथून एकदा टेलरताईच्या पर्सकडे, एकदा नवऱ्याच्या पान्यांच्या पिशवीकडे बघत राहिली.